देव्हाऱ्यापुढचे हसू

मराठी विनोदाचा इतिहास लिहिताना धर्माचाराची थट्टा ही बहुधा सुधारणावादाच्या खात्यावर जमा केली जाते. सोवळेओवळे, श्राद्धपक्ष, नवससायास यांवर जो हसला तो सुधारक आणि ज्यांच्यावर तो हसला ते सनातनी, अशी ही वाटणी आहे. ती सोयीची असली तरी एका प्रश्नापाशी अडखळते. ज्यांची देवावर गाढ श्रद्धा होती त्यांनीच देवाच्या नावाने चालणाऱ्या उपचारांची सर्वांत निर्दय थट्टा केली, ती का? या प्रश्नाचा विचार करायला जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा पट्टा फार उपयोगी आहे. पश्चिमेला वऱ्हाड, मध्ये नागपूर आणि पूर्वेला राजनांदगाव-दुर्गचा छत्तीसगढी मुलूख. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होता. या पट्ट्यात एकाच विषयाला भिडणाऱ्या तीन वृत्ती आढळतात.

पहिली वृत्ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची (१८७१–१९३४). वऱ्हाडात वकिली करणाऱ्या या लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडूतात्या यांना मराठीत आणले. पुढे ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी’ या नावाने हे लेख एकत्र झाले. ‘श्रावणी’, ‘शिमगा’ ही त्यांतील शीर्षकेच विषय सांगून टाकतात. कोल्हटकरांची रीत रूढीवर हल्ला करण्याची नाही, तिचे वकीलपत्र घेण्याची आहे. सुदामा जुन्या आचाराचा कैवार घेतो आणि त्याच्या समर्थनार्थ एकामागून एक अशी काटेकोर कारणे मांडतो की, समर्थन पुरे होईतो आचाराचा पुरता निकाल लागलेला असतो. त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचे नाव ‘साक्षीदार’ असावे, हा योगायोग बोलका आहे. स्वतःच्याच पक्षाला बुडवणारा साक्षीदार हेच सुदाम्याचे खरे रूप होय.

या विनोदाचे ऋण मराठीवर मोठे आहे. परंतु त्याची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सुदाम्याच्या जगात कर्मठ आहेत, भोंदू आहेत, खादाड आहेत. मनापासून हात जोडणारा भाविक मात्र तेथे ठसत नाही. त्यामुळे फोल आचाराच्या जागी जे उरते ते तर्कशुद्ध शहाणपण असते. वाचक हसतो तो आपण त्यांतले नाही या समाधानाने. न्यायालयात प्रेक्षकांच्या बाकावर बसलेल्या माणसाचे हे हसू आहे.

दुसरी वृत्ती त्याच वऱ्हाडातली, परंतु पोथीपुस्तकांच्या बाहेरची आहे. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. म्हणजे कोल्हटकर आणि ते समकालीनच. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन हिंडणाऱ्या या माणसाने लेखन केले नाही, केले ते कीर्तन. त्या कीर्तनाची घडण पाहिली तर त्यातील विनोद हा तोंडी लावण्याचा पदार्थ नव्हता, हे कळते. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. देवाला आंघोळ कोण घालतो? वस्त्र कोण नेसवतो? नैवेद्य दाखवल्यावर कुत्र्याने तोंड घालू नये म्हणून काठी घेऊन राखण कोण करतो? प्रत्येक उत्तर ‘आम्ही’ असेच येई. मग जो स्वतःचा नैवेद्य राखू शकत नाही तो तुमचे काय राखणार, हा पुढचा प्रश्न विचारण्याचीही गरज उरत नसे. सत्यनारायणाच्या कथेत प्रसादाच्या पुण्याईने बुडालेली नौका वर येते, तर महायुद्धात बुडालेली जहाजेही अशीच वर काढावीत, असा त्यांचा हिशेब असे.

येथे हसणारा आणि हास्यास्पद ठरणारा हे दोघे एकच आहेत. कालपरवा बोकड कापून नवस फेडून आलेला शेतकरीच या प्रश्नांवर हसतो, आणि स्वतःवर हसतो. दुसऱ्याच क्षणी सारा समुदाय देवकीनंदनाच्या गजरात बुडून जातो. थट्टेनंतर येणारा हा गजर विसंगत वाटत नाही, यातच या विनोदाचे मर्म आहे. कीर्तनकाराने देवाला हात लावलेला नसतो. देवाच्या अंगावर माणसांनी चढवलेली पुटे तेवढी खरवडलेली असतात. गावात शिरताच आधी खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाने माणसे, असा त्यांचा क्रम होता. ही दोन कामे त्यांच्या लेखी वेगळी नव्हती.

समीक्षेने मात्र कोल्हटकरांना विनोदी वाङ्मयाच्या प्रकरणात बसवले आणि गाडगे महाराजांना समाजसुधारकांच्या यादीत. त्यामागे छापील शब्दाविषयीचा पक्षपात आहे. वस्तुतः गाडगे महाराजांच्या मागे मराठीतील एक जुनी वाङ्मयीन परंपरा उभी आहे. एकनाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वाघ्या अशी सोंगे येतात. भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी त्यांची सासुरवाशीण तर घरातली माणसे एकेक करून दूर करण्याचे साकडे देवीला घालते. नवस ही देवाशी केलेली सौदेबाजी आहे, हे याहून हसत सांगणे कठीण. आणि तरीही, घरातली ही माणसे म्हणजे मनातले विकार असा अर्थ उलगडला की तीच स्त्री साधक ठरते. नाथांनी नवसाची थट्टा केली, नवस बोलणारीची केली नाही. ही मराठी भक्तिविनोदाची मूळ मर्यादा होय आणि तिचे सामर्थ्यही तेच.

हसूच नसेल तर काय होते, याचा दाखला या पट्ट्याच्या पूर्व टोकाला मिळतो. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव आणि दुर्ग यांच्या दरम्यान रसमडा हे लहानसे स्थानक आहे. पलीकडे भिलाईचा पोलाद कारखाना. या मुलखात नोकरीधंद्याने आलेली मराठी घरे आपले देव्हारे आणि सणवार घेऊन आली. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८पासून अखेरपर्यंत अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हे घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे कवी. त्यांच्या १९६४च्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहात ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता आहे. ओसाड विहिरीत राहणारा हा विद्वान मंत्र पुटपुटत रात्रंदिवस अंग घासतो. मळ काही जात नाही. विहिरीत चुकून आलेला सूर्यकिरण पाहून त्याला वाटते, सूर्याने आपल्याला वंदन केले. चांदणे उतरले तर चंद्राने आपल्याला गुरू मानले.

कवितेचा रोख ज्ञानाच्या अहंतेवर आहे, आणि तिचा सूर शोकाचा आहे. तरीही कर्मकांडी मनाचे याहून अचूक चित्र क्वचितच मिळेल. बाह्य शुद्धीचा ध्यास जितका वाढतो तितका आतला मळ अधिक जाणवतो, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच घासणे चालू राहते. गाडगे महाराजांचा खराटा दुसऱ्यांच्या दाराशी चालतो. ब्रह्मराक्षसाचे हात स्वतःच्याच अंगावर चालतात. किरणाला नमस्कार समजणाऱ्या या जिवाला एकदा स्वतःचे हसू आले असते तर त्याची कदाचित सुटका झाली असती. त्याच्या विहिरीत प्रश्न विचारणारा कोणी कीर्तनकार नव्हता.

गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी आयुष्यभर बजावले होते. पुढे त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे सरकारी अभियान सुरू झाले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, ठिकठिकाणी पुतळे उभे राहिले आणि पुतळ्यांना हार पडू लागले. अभियानाने गावे खरोखर झाडली गेली तेथे त्या नावाचे चीज झाले. जेथे स्वच्छ रस्त्यावर नवा झाडू घेऊन छायाचित्रापुरते झाडणे झाले, तेथे श्रावणीचे आणखी एक प्रकरण तयार झाले आणि ते लिहायला सुदामा हवा होता. आचार असाच परत येतो, थट्टा करणाऱ्याचेच नाव घेऊन येतो; म्हणून ही थट्टा प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. ती बाकावर बसून करायची की गजरात उभे राहून, एवढी निवड मात्र प्रत्येकाची असते. वऱ्हाडच्या कीर्तनकाराने दुसरी जागा निवडली, आणि त्याच्यापुढे हसलेल्या माणसांना घरी जाताना देव सोडून जावे लागले नाही.