साखर कोणत्या दुधात विरघळली?

बडोद्याची पारशी धर्मशाळा आपल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. १९१७ साली बाबासाहेबांनी पारशी नाव धारण करून तिथे आसरा मिळवला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. पारशी कादंबरीवरील समीक्षा वाचताना मला ती धर्मशाळा आठवते. ही समीक्षा बहुधा संजाणच्या दंतकथेपासून सुरू होते : दुधात साखर विरघळावी तसे पारशी या देशात मिसळले. मग घटती लोकसंख्या, इंग्रज गेल्यानंतरचे परकेपण, अस्मितेची चिंता. पण ते दूध कसले होते? जातींच्या उतरंडीचेच ना?

रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘अ फाइन बॅलन्स’मध्ये (१९९५) दीना दलाल ही पारशी विधवा जन्माने चांभार असलेल्या दोघा शिंप्यांना कामावर ठेवते आणि त्यांचे कप वेगळे ठेवते. माझ्या वडिलांनी गावच्या हॉटेलात असाच वेगळा कप स्वतः विसळून चहा घेतला आहे. वर्गात हे प्रकरण शिकवताना माझा आवाज बदलतो, तो मी आवरीत नाही. मिस्त्रींनी कप लपवला नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्यांचे धाकटे बंधू सायरस मिस्त्री थेट घरातच शिरतात. ‘क्रॉनिकल ऑफ अ कॉर्प्स बेअरर’ (२०१२) ही मुंबईच्या डुंगरवाडीवरील खांधियांची, म्हणजे खांदेकऱ्यांची कादंबरी. जन्माने पारशी, धर्माने पारशी. पण प्रेत वाहतात म्हणून विटाळाचे! थकून कोसळलेल्या फिरोजवर दारू प्यायल्याचा आळ येतो, खांधिये संप करतात. पारशी अस्मिता इथे प्रथमच श्रमाच्या बाजूने तपासली जाते. असे असताना मी वाचलेली परीक्षणे फिरोज-सेप्पीच्या प्रेमातच रमलेली दिसली. आपल्या विटाळाची गोष्टही यांना प्रेमकथाच वाटली असती काय?

माझा एक आक्षेप मात्र लेखकावरच आहे. फिरोज हा धर्मगुरूचा मुलगा. सेप्पीसाठी तो खांधिया होतो. त्याचे खाली उतरणे ही त्याची निवड आहे. सेप्पी त्या वाडीतच जन्मली, तिला निवड नव्हती. कादंबरी बोलते ती फिरोजच्या तोंडून, आणि सेप्पी लवकरच मरून जाते.