सी-१६ वाचताना

२०११च्या जनगणनेचा मातृभाषांचा तक्ता, सी-१६, फुकट डाउनलोड होतो. जरूर उघडा, पण ठळक ओळींवर थांबू नका. हिंदीचे ५२ कोटी म्हणून जो आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यात ५ कोटी भोजपुरीवाले आहेत, राजस्थानीही आहे. आपल्याकडची मालवणी कोकणीखाली. अहिराणी मात्र खानदेशी या वेगळ्या भाषेखाली. लोकांनी सांगितलेली नावं होती १९,५६९. छाननीत १,३६९ उरली, गट पाडल्यावर भाषा १२१. जिचे बोलणारे १०,०००हून कमी, ती सरसकट ‘इतर’. डेटा साफ करताना मूळ नोंद जपायची, हे आमच्या धंद्यात नवखाही जाणतो. इथे ‘इतर’मागची नावं दिसत नाहीत, आणि कोण कुठे का बसलं, याचा रकानाच नाही.