कर्नल साइक्सचे मासे काय खातात?

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर एक निबंध वाचला. पुढे १८४१ मध्ये तो सोसायटीच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये चित्रांसह छापून आला. पानं जेमतेम तीस आणि माशांच्या जाती चाळीसहून जास्त. एवढ्या अरुंद जागेत एकेका माशाच्या वाट्याला काय येणार? पाठीच्या परात काटे किती, मिशा आहेत की नाहीत, अंग चपटं की गोल, आणि पुढचा मासा. वाङ्मय म्हणून याचं रसग्रहण करतो म्हटलं तर मराठीचे प्राध्यापक चष्म्यावरून बघतील. बघू देत. ज्याच्या घरी माशांची टाकी आहे आणि त्यांना कोरड्या दाण्यांऐवजी काही वळवळतं घालायची ज्याला हौस आहे, तो हा निबंध वेगळ्याच भुकेने वाचतो.

साइक्स (१७९०–१८७२) मुंबईच्या फौजेतले. १८२४ पासून सरकारी सांख्यिकी अहवालकार म्हणून ते दख्खनभर फिरले. माणसं, पिकं, पाऊस, दगड, पक्षी, जे दिसलं ते मोजलं. त्यांचे मासे मुख्यतः भीमेचे आणि पुण्याच्या मुळा-मुठेचे. त्यांचं मोजमाप ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाचं होतं आणि साताऱ्याला तेव्हा प्रतापसिंह महाराजांची गादी होती. पण माशांना संस्थानाच्या हद्दी ठाऊक नसतात. माण तालुक्यात उगम पावणारी माणगंगा आटपाडीवरून जाऊन भीमेला मिळते, नीरा साताऱ्याची हद्द घासत तिकडेच जाते आणि भीमा शेवटी कृष्णेत जाते. तेव्हा वाईच्या घाटावर, कराडच्या प्रीतिसंगमात किंवा हरिपूरला वारणेच्या तोंडाशी गळाला लागणारी बरीच मंडळी साइक्सच्या पानांत आधीच हजर आहेत.

हजर आहेत तीही आपापल्या गावठी नावांनिशी. भोई-कोळ्यांच्या तोंडची नावं साइक्सनी लॅटिन नावांच्या शेपटाला बांधून टाकली: खुद्री, मळ्या, कतरणी, सिंगटी, अलकूटी. त्यांतली कित्येक आजही शास्त्रात जशीच्या तशी चालतात. जगाच्या पाठीवर कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञाला या भागातला महसीर हवा असेल तर त्याला 'टॉर खुद्री' असंच म्हणावं लागतं.

निबंधाची खरी गंमत मात्र नावांत नाही, तोंडांत आहे. माशांना काय घालायचं याचं कोष्टक त्यात नाही आणि ते असण्याचं कारणही नव्हतं. काचेच्या टाकीत मासे ठेवून लोकांना दाखवायचा प्रकार याच सोसायटीने लंडनच्या आपल्या बागेत सुरू केला तो १८५३ साली, म्हणजे निबंध वाचल्यावर पंधरा वर्षांनी. तरीही प्रत्येक वर्णनात तो मासा काय खात असेल हे दडलेलं आहे. मिशा आणि अंगाची ठेवण एवढं हाती आलं आणि मासा डोळ्यांपुढे आणला, की त्याचं ताट वाढता येतं.

अलकूटी घ्या. आपल्याकडचे आळकूट ते हेच: चपटं, चंदेरी, सुरीच्या पात्यासारखं अंग. पाठ जवळजवळ सरळ आणि तोंड वरच्या अंगाला उघडणारं. हा मासा खाली बघून जेवणारा नाहीच. त्याचं जेवण छतावर टांगलेलं असतं. क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या कातडीला समांतर आडवी पडते. वर उघडणाऱ्या तोंडाला दोन्ही सोयीच्या. आरोग्य खात्याचे लोक हौदात गप्पी मासे सोडतात तेही याच हिशेबाने. फरक इतकाच की गप्पी दक्षिण अमेरिकेचे आणि आळकूट आपल्या नदीचे.

मळ्या याच्या अगदी उलट. त्याचं तोंड डोक्याच्या खाली, आडवं, मागे दगडाला चिकटायची चकती. त्याचा मुख्य धंदा दगडावरचं शेवाळ खरवडायचा. पुढ्यात आलेली अळी तो सोडत नाही, पण तिच्यामागे धावणं त्याच्या स्वभावात नाही. टाकीत नुसतं तरंगतं खाद्य घालणाऱ्याकडे असा मासा भरल्या घरात उपाशी राहतो. लोक म्हणतात, 'आजारी दिसतोय.' आजारी नसतो. त्याच्या तोंडाच्या पातळीवर कुणी काही वाढलेलंच नसतं.

मग सिंगटी आणि कतरणी. मिशांची मंडळी, म्हणजे मांजरमासे. साइक्स मिशा टिपतात तेव्हा ते जात ओळखायची खूण सांगत असतात. आपण वाचताना एवढं लक्षात ठेवायचं की या मिशांवर चवीच्या कळ्या असतात. मांजरमाशाच्या तर अंगाच्या कातडीवरही असतात. गढूळ पाण्यात, रात्री, डोळे निरुपयोगी असताना हा मासा चिखल चाखत चालतो. म्हणून मिशा असल्याची कोरडी नोंद मला जेवणाच्या वर्णनासारखी वाटते. दिवे मालवल्यावर टाकीच्या तळाला गांडुळाचा तुकडा टाकून बघा. आधी मिशा थांबतात, मग मासा थांबतो आणि मगच तोंड वळतं.

अशा वर्णनपर लिखाणात क्रियापदाला फारसा वाव नसतो. आहे, नाही, इतके, तितके. साइक्सचा निबंधही त्याच वळणाचा, आणि क्रियापद त्याला मिळतं ते जिवंत खाद्यातून. कोरडा दाणा टाकला की मासे गोळा होतात, गिळतात, पांगतात. बोटभर ट्युबिफेक्स किडे टाकले की चाळीस जातींच्या नोंदी एकदम वाचता येऊ लागतात. लाल धाग्यांचा गोळा खाली जाताना सुटत जातो. वरचे मासे एखादा धागा पळवतात, मधले पाठलाग करतात आणि तळाचे तोंड वाळूत घालून उरलेलं उपसतात. एकाच घासात टाकीचे तिन्ही मजले जेवतात. डाफ्निया घातला तर हा खेळ मधल्या मजल्यावर चालतो: मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव झटके देत पोहतो आणि त्या झटक्यांवरच माशाची नजर ठरते. न खाणारा, रुसलेला मासा पुष्कळदा या हालचालीनेच पुन्हा तोंड उघडतो. जोडी लावायची असेल तर जुने पाळणारे आधी काही दिवस जिवंत खाद्यच घालतात.

इथे मात्र निबंध मिटून गटाराकडे बघावं लागतं. ट्युबिफेक्स लाल दिसतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे, आणि ते त्याला लागतं कारण तो जिथे राहतो तिथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. डोकं गाळात, शेपूट वर, आणि पाणी जितकं कुजकं तितकी शेपटाची हालचाल जास्त. म्हणजे ज्या नाल्याला नाक धरून ओलांडतो तोच याचा मळा. सांगलीकरांना शेरी नाला माहीत आहे. त्याचं पाणी कृष्णेला मिळतं ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची. अशा गाळातला किडा सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू पोटात घेऊनच येतो. ट्राउट माशांना गरगर फिरवून मारणाऱ्या रोगाचा परजीवी आपलं अर्धं आयुष्य ट्युबिफेक्सच्याच अंगात काढतो, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालं. म्हणून विकत आणलेला गोळा थेट टाकीत टाकू नये. पसरट भांड्यात, थेंबथेंब वाहत्या पाण्याखाली दोन-तीन दिवस ठेवावा. निरोगी किडे पुन्हा गोळा बांधतात आणि बोट लावलं की आकसतात. मेलेले करडे पडून सुटे होतात, ते ओतून द्यायचे. वास आला तर सगळंच.

गांडुळाची तऱ्हा निराळी. साताऱ्या-सांगलीत ऊस, द्राक्ष, हळदीच्या शेतांपाशी गांडूळखताचे वाफे बरेच दिसतात आणि पाळणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर फुकटचं खाद्य! पण खताच्या वाफ्यात बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची तांबडी पट्टेरी गांडुळं असतात. ती दुखावली की घाण वासाचा पिवळा द्रव सोडतात आणि बरेच मासे ती तोंडात घेऊन थुंकतात. बांधावरच्या ओल्या मातीतलं, औषध न फवारलेल्या जागेचं साधं गांडूळ माशांना रुचतं. तेही एक दिवस ओल्या फडक्यात ठेवून, पोटातली माती काढून, तुकडे करून. उरलेलं वाळूत कुजलं तर अमोनिया वाढतो, म्हणून पाच मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे. रोजच्या मेजवानीने मासे सुस्त आणि पोटफुगे होतात.

निबंधातलं एक न्यून सांगायलाच हवं. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातला, अंगभर बारीक पट्टे असलेला आणि आज परदेशांतल्या टाक्यांमध्ये झेब्रा लोच म्हणून मिरवणारा बोटिया स्ट्रायाटा साइक्सच्या यादीत नाही. त्याचं शास्त्रीय वर्णन १९२० साली नारायण राव यांनी केलं, तेही तुंगेच्या माशांवरून. हा मासा म्हणजे तोंडवाचनाचा उत्तम धडा: डोळे बारीक, मिशा आखूड, तोंड खाली, आणि किडा दिसला की वाळूत थूथन खुपसून टकटक आवाज करत खाणं. साइक्सच्या हाती तो आला असता तर त्याच्याही नावाच्या शेपटाला एखादं मराठी नाव चिकटलं असतं. तो फक्त पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडतो आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे.

साइक्सचा निबंध इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. पाळणाऱ्यांनी तो एकदा चित्रांसकट चाळावा, आपल्या टाकीतल्या माशांची तोंडं बघावी आणि मगच बाजारात खाद्य मागावं. आणि दोन गोष्टी पाळाव्या: नदीतला बोटिया घरी आणू नये, घरातला गप्पी नदीत सोडू नये.