‘दुर्गम’ कोणाला? : हिमालयीन पदयात्रेच्या मराठी वर्णनांतील शब्दयोजनेविषयी

हिमालयातील पायी प्रवासाची जी वर्णने मराठीत लिहिली जातात, त्यांत ‘दुर्गम’ हे विशेषण जितक्या वेळा येते तितके क्वचितच दुसरे एखादे येत असेल. दुर्गम खोरी, दुर्गम वस्त्या, दुर्गम भागातील साधीभोळी माणसे, ही शब्दावली दिवाळी अंकांपासून महाविद्यालयांच्या वार्षिकांकांपर्यंत सर्वत्र आढळते. भुसावळला गाडीत बसून दिल्लीमार्गे हरिद्वार वा काठगोदाम गाठणारा जळगाव-धुळ्याचा लेखकही तिला अपवाद नाही. विशेषणाची पुनरुक्ती हा शैलीचा किरकोळ दोष मानून सोडून देता आला असता; परंतु येथे प्रश्न शैलीपुरता राहत नाही. ‘दुर्गम’ म्हणजे जेथे जाणे कठीण ते. जाणे कोणाला कठीण, हे तो शब्द सांगत नाही, आणि न सांगताच एक बाजू घेतो. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘येणे’, ‘जाणे’ हे शब्द बोलणाऱ्याच्या स्थानावरून अर्थ घेतात. भाषाशास्त्राला ‘दुर्गम’ याच पंक्तीत बसवावा लागेल. फरक इतकाच की ‘तिकडे’ म्हणणारा आपण कोठे उभे आहो हे लपवीत नाही. ‘दुर्गम’ म्हणणारा मात्र आपले स्थान त्या गावाचाच गुणधर्म म्हणून सांगून मोकळा होतो.

या प्रवासाला आता रूढ झालेला ‘ट्रेक’ हा शब्दही जाता जाता पाहण्याजोगा आहे. इंग्रजीत तो दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ओढणे. मग बैल जुंपलेल्या गाड्यांतून घरदार घेऊन केलेला प्रवास. कापसाने भरलेल्या बैलगाड्या ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या, त्या खानदेशातील वाचकाला हा शब्द मूळ अर्थानेच अधिक जवळचा वाटावा. शब्द उसना आहे एवढ्यावरून त्याच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. ‘मजल’ अरबीतून आली, आणि ‘मजल दरमजल’ म्हणताना आज तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. आक्षेप आहे तो वेगळा : ‘ट्रेक’ आला तेव्हा मजल, मुक्काम, शिधा, वाटाड्या, पाणवठा या शब्दांचा जो संसार मराठीत मांडलेला होता, तो लेखकांनी आपण होऊन मोडला.

वस्तुतः चालण्याचे गद्य मराठीला नवे नाही. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांची नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ओटा त्याच्या कोणत्या अंगाला आहे, हे ती पोथी सांगते. भडगाव तालुक्यातील कनाशी हे महानुभावांचे तीर्थस्थान ज्याने पाहिले आहे, त्याला अशा नोंदीचे मोल निराळे सांगावयास नको. येथे भक्ती उणी नाही. जागा पूज्य आहे म्हणूनच ती अचूक सांगितली पाहिजे, अशी ही निष्ठा आहे. त्यानंतर शतकांनी विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत वरसईहून निघून सातपुडा ओलांडून उत्तरेस गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे भटजींना निसर्गाचे कौतुक करावयास सवड नव्हती. पण मुक्काम कोठे पडला, कोस किती झाले, दक्षिणा काय मिळाली, सोबतीला कोण होते, हे त्यांच्या गद्यातून निसटत नाही.

या परंपरेपुढे दुसरी एक परंपरा उभी आहे, ती माहात्म्याची आणि स्तोत्राची. तिच्यात हिमालय हा नगाधिराज असतो, शिखरे शुभ्र आणि ध्यानस्थ असतात, नद्या पावन असतात. आजच्या बहुसंख्य वर्णनांचा घाट पाहिला तर असे दिसते की शिखराचे दर्शन होताच लेखक स्तोत्राच्या भाषेत शिरतो, आणि तंबूत परतला की ‘बेस कॅम्प’, ‘पास’, ‘ग्लेशियर’, ‘समिट’ या पुस्तिकेच्या भाषेत. दोहोंच्या मधला जो खरा प्रवास, आठ-दहा दिवसांची वाट आणि तिच्यावरची गावे, त्यासाठी त्याच्यापाशी भाषाच उरत नाही. मग तेथे ‘दुर्गम’ येतो.

काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम पाहावे असे आहे. सातारला जन्मलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या कालेलकरांनी १९१२ मध्ये स्वामी आनंद यांच्यासह हिमालयाची पायी यात्रा केली. पण तिचे वर्णन प्रथम मराठीत न येता ‘हिमालयनो प्रवास’ या नावाने १९२४ मध्ये गुजरातीत ग्रंथरूपाने आले. मराठीत ते मागाहून आले. हिमालयाच्या ओढीने निघालेला हा यात्री वाटेवरच्या माणसांवरची नजर काढून घेत नाही, आणि प्रसंगी स्वतःलाही हसतो. संपादन केलेल्या भाषेत लिहिताना ठरीव संस्कृतप्रचुर शब्दसंहतींचा आधार आपोआप हाती येत नाही, वस्तूकडे पुनः पाहावे लागते. त्याचा हा लाभ असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. अनुमानच, कारण कालेलकरांचे मराठी गद्यही निर्जीव नव्हे.

शब्दांच्या बाबतीत मराठी लेखकाची आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा समीक्षेत सहसा होत नाही. हिंदी आपल्याला कळते अशा समजुतीने तो पहाडात जातो. हिंदीत ‘घाटी’ म्हणजे डोंगरांमधले खोरे. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढून ओलांडण्याची वाट, आणि घाटी म्हणजे तशीच लहान, अवघड वाट. हिंदीतला ‘दर्रा’ म्हणजे खिंड. मराठी ‘दरी’ नेमकी उलट, खोल जागा. गढवालीत ‘खाल’ म्हणजे डोंगरधारेवरची खिंड. गंगोत्री आणि बद्रीनाथ यांच्या दरम्यानचा कालिंदीखाल सुमारे ५,९०० मीटर उंचीवर आहे. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘खाल’ खालीच नेतो. चढाचा शब्द उताराचा ऐकू येणे ही गंमत खरी. पण ‘घाटी’चे तसे नाही. ‘फुलों की घाटी’चे भाषांतर ‘फुलांची घाटी’ असे सर्रास केले जाते, आणि त्यात दोन चुका एकावर एक बसतात. पहिली अर्थाची. दुसरी अधिक खोल : हे नावच तेथल्या लोकांचे नव्हे. १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइद या इंग्रज गिर्यारोहकाला हे खोरे दिसले आणि पुढे त्याच्या ग्रंथामुळे ते या नावाने जगाला ठाऊक झाले. खालच्या गावकऱ्यांसाठी ते भ्यूंडारचे खोरे होते आणि त्यांच्या गुराढोरांचे उन्हाळी कुरण होते. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. ‘निसर्गाने निगुतीने राखलेली, मनुष्यस्पर्श न झालेली घाटी’ असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा त्या वाक्यातून गुराखी नाहीसा झालेला असतो.

उलट, जेथे शब्द खरोखर जुळतात तेथे ते वापरले जात नाहीत. पहाडी ‘धार’ आणि मराठी डोंगराची ‘धार’ एकच. गढवाली ‘डांडा’ आणि आपला डोंगराचा ‘दांडा’ यांत उच्चाराचा काय तो फरक. खिंडीला खानदेशात आणि बागलाणात ‘बारी’ म्हणतात. धुळ्याहून सुरतेकडे जाताना लागणारी कोंडाईबारी आणि मांगीतुंगीजवळची सेलबारी या परिसरात सर्वांच्या तोंडी आहेत. तरीही धुळ्याचा लेखक हिमालयात ‘पास’च ओलांडतो. बारी हा शब्द गावंढळ वाटतो, की तो आठवतच नाही? ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशी भिल्ली बोलींबरोबर तिसऱ्या भागात (१९०७) आली आहे आणि पहाडी भाषा चौथ्या भागात (१९१६). यावरून फार मोठे नाते जोडू नये. तथापि एकाच खंडात शेजारी बसलेल्या या बोलींचे बोलणारे एकमेकांना इतके अनोळखी का वाटावेत, हा प्रश्न अहिराणीच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आता ‘दुर्गम’कडे वळावे. कुमाऊंतील मुनस्यारीहून जोहार खोऱ्यात शिरणारी वाट लीलम, बुगड्यार, रिलकोट, मारतोली अशा मुक्कामांनी मिलमला पोचते. या गावांचे वर्णन ‘जगापासून तुटलेली’, ‘काळ जेथे थांबला आहे अशी’ या शब्दांत केले जाते. इतिहास नेमका उलट साक्ष देतो. जोहारचे भोटिया व्यापारी मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य लादून खिंडी ओलांडीत आणि तिबेटातून मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परत येत. मिलम हे त्या व्यापाराचे भरभराटलेले गाव होते. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार थांबला आणि गाव ओस पडू लागले. काळ तेथे थांबलेला नाही; तो एका विशिष्ट वर्षी गावावरून गेला. याच मिलमचा नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत पावले मोजीत गेला. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, आणि दर शंभर पावलांना तो एक मणी सरकवी. तिबेटच्या नकाशात त्यामुळे प्रथमच खऱ्या अंतरांची भर पडली. ज्या गावच्या माणसाने अर्धा तिबेट पायांनी मोजला, त्या गावाला ‘दुर्गम’ म्हणणे म्हणजे मोजणाऱ्यालाच न मोजण्यासारखे आहे. पडक्या घरांची छायाचित्रे मराठी वर्णनांत असतात. घरे कशामुळे पडली हे विचारलेले क्वचितच दिसते.

या टीकेला एक उत्तर आहे, आणि ते न्याय्य आहे. वाट खरोखरच कठीण असते. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पावलागणिक धाप लागते, डोके दुखते, अन्न जात नाही. ज्याने हे भोगले त्याने ते लिहावे, आणि अशा ठिकाणी मराठी वर्णने पुष्कळदा प्रामाणिक होतात. ‘दम’, ‘धाप’, ‘ऊर फुटणे’ हे शब्द तेथे आपल्या मूळ शारीर अर्थाने परत येतात. पहाडात या त्रासाला विष लागणे म्हणत आणि ते रानफुलांच्या वासाने होते असे मानीत, असे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी नोंदविले आहे. मराठीत ‘बाधणे’ हे क्रियापद या समजुतीच्या अगदी जवळचे आहे : हवा बाधते, पाणी बाधते, वासही बाधतो. पण स्वतःच्या श्वासाविषयी लिहिताना भाषेशी इतका प्रामाणिक राहणारा लेखक, त्याचे ओझे घेऊन पुढे गेलेल्या माणसाचा श्वास कसा चालला होता हे सांगत नाही. तो माणूस बहुधा ‘आमचा पोर्टर’ असतो आणि सदैव हसतमुख असतो.

रूपकुंडाविषयीच्या लेखनात ही उणीव अधिकच जाणवते. सुमारे पाच हजार मीटरांवरच्या या लहानशा तळ्याकाठच्या मानवी अस्थींनी लेखकांना भुरळ घातली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तर त्या अस्थी एकाच वेळच्या, एकाच समूहाच्या नाहीत, त्यांतील काहींचे नाते पूर्व भूमध्य प्रदेशाशी जुळते, असे दाखवून गूढ वाढविले. परंतु हे तळे नंदादेवी राजजातीच्या वाटेवर आहे, हे एका वाक्यात उरकले जाते : ‘स्थानिक देवीची यात्रा येथून जाते.’ ही यात्रा परंपरेने बारा वर्षांनी निघते. २०१४ मध्ये ती झाली तेव्हा नौटी गावापासून होमकुंडापर्यंत आणि परत अशी सुमारे २८० किलोमीटरांची वाट लोक चालले. पुढे चार शिंगांचा मेंढा असतो आणि होमकुंडाशी त्याला सोडून देतात. नंदा ही त्या गावांची लेक. ती माहेरी आलेली असते आणि तिला कैलासाला, सासरी, पोचवावयास सगळी गावे निघतात. वाण या शेवटच्या गावापुढे वस्ती नाही. बायका रडतात त्या देवी जाते म्हणून नव्हे, लेक जाते म्हणून.

खानदेशातील लेखकाला हे समजावून सांगावे लागू नये. आखाजीला येथे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बसते, आणि दोन-चार दिवसांनी निरोपाची वेळ येते. बहिणाबाई चौधरींच्या प्रदेशात माहेर-सासर या जोडीचे वजन काय आहे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ‘माहेरवाशीण’ हा एक शब्द लिहिला असता तर राजजातीचे सारे मर्म जळगावच्या वाचकापर्यंत पोचले असते. त्याऐवजी ‘स्थानिक श्रद्धा’ असे लिहिले जाते. ‘स्थानिक’ हा तर ‘दुर्गम’चाच धाकटा भाऊ. लेखक स्वतः कधी कोठलाही स्थानिक नसतो.

ही सवय हिमालयात लागलेली नाही, हे येथे नोंदविणे भाग आहे. लेखक ती घरूनच घेऊन जातो. अक्राणी तालुका १ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. धुळे-जळगावच्या कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत धडगावचे नाव ‘दुर्गम’ या विशेषणावाचून येणे विरळाच. दिवाळीत अस्तंब्याच्या शिखरावर चढून जाणाऱ्या हजारो भाविकांना ते दुर्गम आहे काय? पावरा आणि भिल्ल शेतकऱ्याला तळोद्याचा बाजार दूर आहे, हे खरे. पण आपले शेत त्याला दूर नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहणे हीच ज्या गद्याला सवय झाली, ते गद्य जोहारमध्ये जाऊन एकाएकी निराळे कसे पाहील?

साक्रीच्या पट्ट्यातले ठेलारी दरवर्षी मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, तेव्हा घोड्यावर संसार असतो, कोकरे असतात, लहान मुले असतात. मुक्काम कोणाच्या शेतात पडायचा, पाणी कोठे मिळेल, कोणत्या बारीने उतरायचे, हे त्यांना तोंडपाठ असते. हाच लेखक हिमाचलात गद्दी मेंढपाळाचे छायाचित्र काढतो आणि खाली ‘दुर्गम वाटांचा अनामिक वाटसरू’ असे लिहितो. गद्दीला त्या वेळी लाहौलाच्या कुरणांत पोचायचे असते, आणि धौलाधारच्या बाऱ्या त्याने बापाबरोबर लहानपणीच ओलांडलेल्या असतात.