वही कोणाच्या हाती?

ग्लिंडा ब्रिजफोर्थ या आफ्रिकी-अमेरिकन अर्थसल्लागार बाईंनी स्वसमाजातील भगिनींसाठी लिहिलेले ‘गर्ल, गेट युअर मनी स्ट्रेट!’ हे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. बँकेत अधिकारपदावर राहिलेल्या लेखिका स्वतः कर्जात बुडाल्या होत्या; म्हणूनच त्या दूषण न देता उधळपट्टीचे मूळ मनात शोधतात. हा ग्रंथाचा खरा गुण. परंतु मिळकत स्त्रीच्याच स्वाधीन असते, हे येथे गृहीत आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या १४ व्या कलमाने १९५६ साली स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले खरे. तथापि दागिना तिचा आणि गहाण टाकण्याचा निर्णय दुसऱ्याचा, हे आपल्या घरांतून अद्याप संपलेले नाही. दिवाळीत आपण जिची पूजा करतो ती वही गृहिणीच्या हाती आली, तरच तलमडुगूसारख्या गावी या उपदेशाचे चीज होईल.