गोंडांचें नभोमंडल आणि श्रीपतीच्या आकृति : एक परीक्षण

श्री. मयंक वाहिया व श्री. गणेश हलकारे यांनीं गोंडांच्या ज्योतिर्ज्ञानावर लिहिलेला इंग्रजी निबंध इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तेव्हांचा आंध्र प्रदेश यांतील सुमारें १५ गोंड गांवीं हिंडून, तेथील लोकांस विचारून त्यांनीं तो सिद्ध केला आहे. पोथ्यांवर विसंबणाऱ्या आम्हां संग्राहकांस हा उद्योग अनुकरणीय वाटावा. कळमेश्वरचा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा व पुढें नागपूरकर भोसल्यांचा. या राजवटींच्या सनदा आम्ही शोधतों. परंतु त्या काळच्या प्रजेनें आकाशांत काय पाहिलें हें विचारण्याचें सहसा मनांत येत नाहीं.

गोंडांची आकाशदृष्टि भारतांत अन्यत्र रूढ असलेल्या कल्पनांहून स्पष्टपणें निराळी आहे, असा निबंधाचा सिद्धान्त आहे. सप्तर्षींचें उदाहरण घ्यावें. शास्त्रांत ते सात ऋषि. गोंडांच्या कथेंत चौकोनाचे चार तारे ही खाट व उरलेले तीन तारे ती चोरूं पाहणारे तीन चोर. येथवर भेद उघड आहे.

तथापि हा सिद्धान्त सरसकट स्वीकारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तुलना केवळ पुराणकथांशीं न करितां नक्षत्रांच्या आकृतींशींही केली पाहिजे. श्रीपति अकराव्या शतकांतला. त्याच्या ज्योतिषरत्नमालेंत नक्षत्रांची तारासंख्या व आकृति सांगितल्या आहेत. कृत्तिकांचे ६ तारे, आकृति वस्तऱ्याची. रोहिणीचे ५, आकृति गाड्याची. पूर्वा व उत्तरा फल्गुनींचे दोन दोन, आकृति मंचकाची व शय्येची. सिंह राशीच्या मागील भागांतले हे चार तारे एकत्र घेतले कीं चार खुरांची खाटच होते! कळमेश्वर सुमारें २१ उत्तर अक्षांशावर असल्यानें वैशाखांत पहिला प्रहर सरतांना ही खाट जवळजवळ डोक्यावर येते, व गोंडांची खाट त्याच वेळीं उत्तरेस उंच दिसते. ज्यास खात्री करून घ्यावयाची त्यानें अंगणांत उभें राहावें.

तेव्हां चार तारे पाहून खाट आठवणें हें दोघांनाही साधलें. मग भेद कशाचा? आमच्या मतें प्रयोजनाचा. शास्त्र्यास चंद्राचें नक्षत्र ओळखून मुहूर्त साधावयाचा, म्हणून त्याची खाट चंद्राच्या मार्गाजवळ पडली. सप्तर्षि त्या मार्गापासून दूर असल्यानें नक्षत्रांत गणले गेले नाहींत. तेथें कथेला मोकळें रान मिळालें. याच लेखकांनीं सहकाऱ्यांसह इ. स. २०१४ मध्यें बंजारा व कोलाम यांविषयीं लिहितांना व्यवसाय आणि आकाशदृष्टि यांचा निकट संबंध दाखविला आहे. तो आमच्या म्हणण्यास पोषकच होय.

यावरून संग्राहकांस एक विनंति. रत्नमालेवरील मराठी टीका जुन्या मराठी गद्यांत गणली जाते, श्री. मु. ग. पानसे यांनीं ती इ. स. १९५७ मध्यें संपादिली. अशा ग्रंथांच्या प्रती पाहतांना समासांत ठिपके व रेघा आढळल्यास तें फलज्योतिषाचें निरर्थक लेखन समजून टाकूं नये. ठिपके मोजून नकल करावी. त्याचप्रमाणें गांवांतील वृद्धांकडून केवळ नांव न घेतां कोणते तारे हें बोटानें दाखवून घ्यावें. ताऱ्यांची निश्चिति झाल्यावांचून दोन परंपरा एक कीं निराळ्या, हा निवाडा देतां येणार नाहीं.