‘आंखें’ आणि गुप्तहेरपटाच्या टिकाऊपणाचा प्रश्न

हेरगिरीचे लोकप्रिय चित्रपट कालांतराने टिकतात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता रसिकांच्या गप्पागोष्टींपुरता वाटेल. परंतु त्यात मूल्यमापनाच्या कसोट्यांचा एक खरा पेच दडलेला आहे. रामानंद सागर यांच्या १९६८ सालच्या ‘आंखें’ या हिंदी चित्रपटाविषयी नवी मुंबईत जो मतभेद कानी पडतो, तो या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. ठाण्याच्या खाडीवर १९७३ साली पूल झाला, १९९२ साली वाशीपर्यंत रेल्वे आली, आणि गिरगाव, दादर, परळ येथील अनेक कुटुंबे खाडीपलीकडे स्थायिक झाली. त्यांतील ज्येष्ठांनी हा चित्रपट तरुणपणी भरलेल्या चित्रगृहात पाहिला. त्यांची नातवंडे तो भ्रमणध्वनीच्या काचेवर, तोही तुकड्यातुकड्यांनी पाहतात. विरंगुळा केंद्रात ज्याची वाखाणणी होते, त्याचीच घरी टिंगल होते.

ज्येष्ठांची बाजू समजण्यास कठीण नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ यांवर पोसलेल्या वाचकाला धर्मेंद्रचा हेर परका वाटण्याचे कारण नव्हते. १९६२ पासून जेम्स बाँडचे चित्रपट येऊ लागले होते. १९६७ मध्ये जितेंद्रचा ‘फर्ज’ गाजला होता. ‘आंखें’ने त्यात जपान व बैरूत यांचे रंगीत दर्शन घातले आणि सागर यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. उलट तरुण प्रेक्षक वेषांतरांकडे, यंत्रांकडे आणि मेहमूदच्या लांबलेल्या विनोदाकडे बोट दाखवितो. विनोदाबाबत त्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तो भाग गळला असता तर कथेचे काहीच बिघडले नसते.

तथापि दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात, ती अशी की चित्रपट म्हणजे एक सिद्ध वस्तू असून काळ तिची केवळ झीज करतो. हे गृहीतच आम्हांस संशयास्पद वाटते. रहस्यकथेतील रहस्य पहिल्याच भेटीत संपते, ते काही काळाने संपविलेले नसते. दुसऱ्या वेळी पाहताना जे उरते त्याचाच विचार टिकाऊपणाच्या चर्चेत व्हावयास हवा. आणि उरलेल्या भागात काळ कित्येकदा भरही घालतो. बैरूतचेच उदाहरण घ्यावे. १९६८ साली ते केवळ चैनीचे, नयनरम्य नगर म्हणून पडद्यावर आले. १९७५ ते १९९० या काळातील यादवी युद्धाने ते नगर उद्ध्वस्त केल्यानंतर तीच दृश्ये निराळ्या करुणेने पाहिली जातात. ही करुणा दिग्दर्शकाने योजिलेली नव्हती, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

दुसरे असे की, या चित्रपटातील हेर सरकारी नोकर नाहीत. ते देशासाठी स्वेच्छेने एकत्र आलेले नागरिक आहेत. आजच्या प्रेक्षकास हे बालिश वाटते. पण परराष्ट्रीय हेरगिरीसाठी रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, ती त्याच १९६८ च्या सप्टेंबरात. त्यापूर्वीच्या सामान्य प्रेक्षकाच्या मनात या कार्याचे चित्र किती अस्पष्ट होते, त्याचा ‘आंखें’ हा एक पुरावाच होय.

या सर्वांहून महत्त्वाचे स्थान आम्ही ललिता पवार यांच्या भूमिकेस देतो. शत्रूची हस्तक असलेली स्त्री मायेच्या नात्याचे सोंग घेऊन घरात शिरते, ही कल्पना काही नवी नाही. पण तीसाठी केलेली नटीची निवड मार्मिक आहे. येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीच्या डाव्या डोळ्यास १९४२ साली चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या थपडेमुळे कायमची इजा झाली, आणि पुढे खाष्ट सासूच्या भूमिका तिच्या वाट्यास आल्या. मात्र ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा हे तिचेच वत्सल रूप होते. म्हणजे १९६८ च्या प्रेक्षकापुढे हा चेहरा आला तेव्हा त्यास दोन्ही ललिताबाई आठवत होत्या, आणि त्या आठवणींच्या ओढाताणीतून खरे औत्सुक्य निर्माण झाले. बंद दरवाजे आणि चमकणारे दिवे यांना ते साधलेले नाही. पुढे १९८७ साली याच सागर यांनी दूरदर्शनच्या ‘रामायणा’त याच अभिनेत्रीस मंथरा केले. त्यानंतर ‘आंखें’ पाहणाऱ्यास तिच्यात मंथरा दिसू लागली. औत्सुक्य ओसरले खरे, पण घरभेदाच्या एका प्राचीन प्रतिमेची जोड तिला मिळाली. हा लाभ की हानी, याचा निर्णय सहज होण्यासारखा नाही. आमचा कल लाभाकडे आहे.

आता तरुण ज्याची बाजू घेतात त्या ‘राझी’कडे (२०१८) वळू. मेघना गुलजार यांच्या या चित्रपटात १९७१ च्या युद्धापूर्वी सेहमत ही काश्मिरी तरुणी सून म्हणून पाकिस्तानी सेनाधिकाऱ्याच्या घरात जाते, त्या घराचा विश्वास मिळविते आणि त्याचाच घात करते. यंत्रे, वेग, अभिनयाची शैली ही सारी निराळी. पण मूळ घटना तीच आहे. नात्याच्या आडून परक्या घरात हेर शिरतो. फरक इतकाच, की आता हेर आपला आहे आणि घर त्यांचे. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’त वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वतःस विसरत नाही. सेहमतचे दुःख नेमके हेच आहे. तिला सून होता येते, पण हेर असल्याचे विसरता येत नाही.

म्हणून ‘राझी’ पाहिलेला प्रेक्षक ‘आंखें’कडे परततो तेव्हा ललिताबाईंची ती स्त्री त्यास निव्वळ दुष्ट वाटत नाही. ती कोणाच्या तरी देशाची सेहमत असेल, अशी शंका त्याच्या मनास चाटून जाते. १९६२ आणि १९६५ ची युद्धे ताजी असलेल्या प्रेक्षकास ही शंका येण्याचे कारण नव्हते, आणि सागर यांनीही तिला कोठे वाट ठेवलेली नाही.